बाळ खात नाही, की वाटीतच काही नाही?

या वेळी आलेल्या पत्रांत बालवाडीच्या डब्यापासून पापलेटच्या काट्यांपर्यंत सगळं आहे, पण निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच : ‘बाळ खात नाही हो.’ पत्रं नीट वाचली तर बरीच बाळं खात असतात. त्यांच्या वाटीत काय आहे आणि ते किती दाट आहे, तिकडे मात्र कुणाचं लक्ष गेलेलं नसतं. म्हणून पहिलं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे.

माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. सकाळी तांदळाची पेज, दुपारी वरणाचं पाणी आणि संध्याकाळी भाज्यांचं सूप देते. वाटीभर आवडीने पिते, पण गेल्या दोन महिन्यांत वजन जेमतेम पाव किलो वाढलं. पुढच्या महिन्यापासून ती पाळणाघरात जाणार आहे. काय चुकतंय?
— एक आई, गोरेगाव

ताई, तिन्ही वेळा ती पाणीच पिते आहे. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोला साधारण ३० मिली मावतं, म्हणजे ८ किलोच्या बाळाला २४० मिलीत पोट गच्च. आईच्या १०० मिली दुधातून ६५ ते ७० कॅलरी मिळतात. पातळ पेजेतून त्याच्या निम्म्याही मिळत नाहीत. म्हणजे अंगावरच्या दुधाची जागा पेजेने घेतली की बाळाच्या पोटात जाणारं पोषण वाढण्याऐवजी घटतं. वरणाच्या पाण्याचंही तसंच. डाळ शिजली की तिचा गर तळाला बसतो, आणि बाळासाठी आपण नेमकं वरचं पाणी काढतो. प्रथिनं तळाशीच राहतात.

उद्यापासून एवढं करा. कुकर उघडल्यावर, मीठ आणि फोडणी पडायच्या आधी, डाळ ढवळून तळचा घट्ट गोळा काढून घ्या. दोन भाग मऊ भात, एक भाग ही डाळ आणि वर चहाचा एक चमचा साजूक तूप. हे सगळं वाटीतच चमच्याच्या पाठीने किंवा हाताने कुस्करा. चमचा तिरका केल्यावर घास घरंगळून पडला तर तो अजून पातळ आहे. चमच्याला धरून राहिला की बरोबर. त्यात उकडलेला लाल भोपळा, गाजर किंवा बटाटा कुस्करून घाला. दुधी चालतो, पण तो बराचसा पाणीच असतो, म्हणून रोज एकटा दुधी नको.

पाळणाघरासाठी खिमटाची भरड करून ठेवा. एक वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मूगडाळ धुऊन, कापडावर पसरून पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. मग दोन्ही वेगवेगळे मंद आचेवर भाजा. एकत्र भाजले तर डाळ लाल होईपर्यंत तांदूळ कच्चेच राहतात. पूर्ण गार झाल्यावर रवाळ दळा आणि हवाबंद डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. एका वेळेला पोह्याच्या चमच्याने तीन सपाट चमचे, म्हणजे साधारण २५ ग्रॅम भरड, २०० मिली गार पाण्यात कालवा आणि मगच गॅसवर ठेवा. गरम पाण्यात भरड टाकली की तिच्या बाहेरच्या थराची लगेच खळ होते, आत कोरडं पीठ अडकतं आणि गुठळ्या होतात. चिमूटभर जिरेपूड घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं ढवळत शिजवा. गार होताना खिमट आणखी आळतं, म्हणून गॅसवरून उतरवताना हवं त्यापेक्षा किंचित सैल असू द्या.

मिक्सरमधून फिरवून गाळून देणं मात्र आता बंद करा. आठव्या-नवव्या महिन्यात बाळ मऊ कण चावायला शिकतं. या वयात कण तोंडात आलेच नाहीत तर दीड वर्षाचं झाल्यावर शीत लागलं तरी ते उमासे काढतं. घास पुढे आल्यावर एक-दोनदा तोंड वेडंवाकडं केलं म्हणजे पदार्थ आवडला नाही असं नसतं. तोच पदार्थ आठ-दहा वेळा तरी समोर यायला हवा.

सहा महिन्यांनंतर लोह कमी पडतं, कारण जन्मताना मिळालेला साठा संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार नसतं. तुमच्या घरी चालत असेल तर पूर्ण उकडलेलं अंडं, शिजवून बारीक केलेलं चिकन किंवा काळीज द्या. शाकाहारी घरात डाळी, राजगिरा, नाचणी, आणि वाटीवर लिंबाचे दोन थेंब. धान्य-डाळीतलं लोह ‘क’ जीवनसत्त्वाच्या सोबतीने जास्त शोषलं जातं. अंडं किंवा शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट ‘ॲलर्जी होईल’ म्हणून वर्षभर लांबवायची गरज नाही. बाळाला आधीपासून तीव्र इसब असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून सुरुवात करा.

आत्ता दिवसातून दोन ते तीन वेळा अर्धी वाटी, नऊ महिने पूर्ण झाले की तीन ते चार वेळा, आणि अंगावरचं दूध चालूच. दोन महिन्यांत पाव किलो ही वाढ कमी आहे, तेव्हा बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन वजन वाढीच्या तक्त्यावर भरून घ्या.

सून नऊ महिन्यांच्या नातवाच्या जेवणात मीठ, साखर, गूळ काहीच घालू देत नाही. मधाचं बोटही चाटवू देत नाही. आमच्या वेळी सगळं चालायचं. असं अळणी खाऊन मुलाला चव कशी लागणार?
— एक आजी, लालबाग

आजी, या बाबतीत सूनबाईंचं बरोबर आहे, आणि मधाच्या बाबतीत तर शंभर टक्के. मधात बोट्युलिझम नावाच्या आजाराचे सुप्त जंतू असू शकतात. मोठ्या माणसाचं आतडं त्यांना वाढू देत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि त्यांचं विष नसांवर परिणाम करतं : बाळ मलूल पडतं, चोखेनासं होतं, पुढे श्वासही अडखळतो. मध उकळून हे जंतू मरत नाहीत. वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटालासुद्धा मध नको.

मिठाचं म्हणाल तर वर्षाच्या आत दिवसभरात एक ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरतं, आणि तेवढं दूध व साध्या अन्नातूनच मिळतं. बिस्किटं, ब्रेड, चीज सुरू असेल तर आणखीच जपायला हवं. गूळ पोटात गेल्यावर साखरेपेक्षा वेगळं काही करत नाही.

पण अळणी म्हणजे बेचव नव्हे. तुपात जिरं-हिंग तडतडवून खिमटावर घाला, वरणात एक लसूण पाकळी शिजवून कुस्करा, कोथिंबीर घाला, भाजलेल्या तिळाची अगदी बारीक पूड घाला. चव लावून देणं हे तुमच्याच हाताचं काम आहे. गोड हवं असेल तर पिकलेलं केळं किंवा भिजवून कुस्करलेला, साल काढलेला खजूर द्या.

नाचणीचं सत्त्व घरी केलं, पण पावसाळ्यात त्याला कुबट वास आला. वास जायला परत भाजून घेतलं तर चालेल का? आणि सत्त्व चांगलं की नुसतं पीठ?
— एक बाबा, मुलुंड

ते टाकून द्या. कुबट वास म्हणजे बुरशी, आणि काही बुरशींचं विष भाजल्याने जात नाही. वास जातो, विष राहतं.

आता सत्त्वाचं. याचे दोन प्रकार घरोघरी होतात आणि दोन्हींना एकच नाव आहे, म्हणून घोळ होतो. एकात भिजलेली नाचणी वाटून, फडक्यातून दूध गाळून, तळाला बसलेला पांढरा साका वाळवतात. तो बहुतेक नुसता स्टार्च असतो. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण त्यातला मोठा वाटा सालाबरोबर चोथ्यात जातो. शिवाय मुंबईच्या हवेत तो साका वाळेपर्यंत आंबतो. दुसऱ्या प्रकारात मोड आणून, वाळवून, दळून, वस्त्रगाळ करतात. हा करा. मोड येताना दाण्यात एक विकर तयार होतं, ते स्टार्च तोडतं. त्यामुळे शिजल्यावर लापशी फार आळत नाही, आणि तेवढ्याच पाण्यात दोनऐवजी तीन चमचे पीठ घालता येतं. वर गोरेगावच्या ताईंना सांगितलेला दाटपणाचा प्रश्न इथे आपोआप सुटतो.

पावसाळ्यात एका वेळी पाव किलोच घ्या. नाचणीत माती-खडे असतात, म्हणून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. रात्रभर भिजवा, एकदा पाणी बदला. सकाळी निथळून सुती फडक्यात सैल बांधा आणि चाळणीत ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. घट्ट पुरचुंडी बांधून डब्यात कोंडली की मधले दाणे चिकट होतात आणि वास मारतात. आपल्याकडच्या उकाड्यात चोवीस तासांत मोड येतात. पांढरं टोक तांदळाच्या निम्म्याएवढं दिसलं की पुरे, लांब मोडांची वाट पाहू नका.

खरा घात होतो तो वाळवताना. जुलैत ऊन नसतं आणि हवेतच ओल असते, त्यामुळे नाचणी वरून कोरडी दिसते आणि आत दमट राहते. मोठ्या ताटात एकेरी थरात पसरा, पूर्ण वेगाच्या पंख्याखाली आठ-दहा तास ठेवा, दर तासा-दोन तासांनी हात फिरवा. मग जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर परता. एक दाणा दाताखाली धरा : कट्कन तुटला तर वाळला, दबला तर अजून ओल आहे. खरपूस भाजू नका. जास्त आचेवर ते विकर निकामी होतं आणि मोड आणण्याची सगळी मेहनत फुकट जाते. हातावर चोळून मोड पाखडून टाका. मिक्सरमध्ये थांबून थांबून दळा, कारण भांडं तापलं की पीठ वाफ धरतं. कोमट पीठ डब्यात भरू नका, झाकणाच्या आत पाणी सुटतं आणि तिथूनच बुरशी सुरू होते. पूर्ण गार करून, कोरड्या डब्यात, फ्रिजमध्ये. चमचाही कोरडा.

एवढं करायला वेळ नसेल तर साधं नाचणीचं ताजं पीठ चालतं. गिरणीत दळायला देणार असाल तर आधी काय दळलं होतं ते विचारा.

मुलगा दोन वर्षांचा. मोबाइल लावल्याशिवाय घास घेत नाही. वर्षाचा होईपर्यंत छान खायचा, आता दोन घास झाले की मान फिरवतो. त्यामुळे निदान दूध तरी पोटात जावं म्हणून दिवसातून चार कप देतो.
— एक आई, कांदिवली

भूक कमी होणं स्वाभाविक आहे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, म्हणजे सहा-सात किलो वाढतं. दुसऱ्या अख्ख्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढतं. वाढच मंदावते, म्हणून भूकही मंदावते. नेमकं तेव्हाच घरातले घाबरून दूध वाढवतात, मूल दुधाने भरलेलं राहतं आणि जेवण नाकारतं. दुधात लोह जवळजवळ नसतं आणि अन्नातलं लोहही त्याने कमी शोषलं जातं, त्यामुळे अशी मुलं गुटगुटीत दिसूनही रक्ताने कमी असतात. चार कपांचे दोन करा, दिवसाला ४०० मिलीच्या आसपास. बाटली असेल तर ती थांबवा, पेल्यातून द्या. दूध जेवणानंतर किंवा झोपताना, जेवणाआधीच्या दोन तासांत नाही. त्याच दोन तासांत बिस्किट, चुरमुरे, फळांचा रसही नाही.

मोबाइल एकदम बंद केला तर पहिले काही दिवस तो खरंच कमी खाईल. तेवढं सहन करायची घरातल्या सगळ्यांची तयारी हवी. आजोबांनी हळूच फोन लावला तर तो आणखी मोठ्याने रडायला शिकेल. त्याला घरच्यांच्या पंगतीत बसवा, त्याच्या ताटात चार घासांपुरतंच वाढा. संपलं आणि मागितलं तर आणखी. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला, न रागावता. पुढचं खाणं दोन-अडीच तासांनी, मध्ये फक्त पाणी. काय आणि कधी वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. वजन महिनोन्‌महिने थांबलं, चेहरा फिका दिसला किंवा तो माती, भिंतीचा चुना खायला लागला तर रक्त तपासून घ्या.

साडेतीन वर्षांच्या मुलीचा नर्सरीचा डबा रोज अर्धा परत येतो. सुट्टी पंधरा मिनिटांची. मला ७.४० ची लोकल गाठायची असते. पोळी कडक होते, इडली दगड होते. काय देऊ?
— एक आई, दादर

आधी एक तपासा : डबा तिला स्वतःला उघडता येतो का? घट्ट क्लिपचे डबे लहान बोटांना उघडत नाहीत, आणि वर्गातल्या ताई एकेकाचा डबा उघडेपर्यंत सुट्टी संपते. घरी रविवारी तिच्याकडून उघडून-लावून घ्या. दुसरं, डबा अर्धाच भरा. पंधरा मिनिटांत या वयाचं मूल एक लहान पोळी किंवा तीन-चार छोटे तुकडे खातं, त्याहून जास्त नाही.

पोळी कडक होते ती बहुधा तवा पुरता तापलेला नसल्याने. पोळी तव्यावर जास्त वेळ राहते आणि तिचं पाणी उडून जातं. कणीक सैल भिजवा, वाटीभर पिठाला चहाचा एक चमचा तेल, वीस मिनिटं झाकून ठेवा, तवा कडक तापवा. गरम पोळी डब्यात कोंडली तर घाम येऊन चिवट होते. आधी जाळीवर दोन-तीन मिनिटं वाफ जाऊ द्या. इडली फ्रिजमधली असेल तर नुसती कोमट करून भागत नाही. गार झाल्यावर तांदळाचा स्टार्च आवळतो, तो सैल व्हायला पाण्याचा हबका मारून पाच मिनिटं पुन्हा वाफवावीच लागते.

घारगे मात्र दुपारपर्यंत मऊ राहतात, आणि पीठ रात्री भिजवायचंही नाही. रात्री फक्त एक वाटी किसलेला लाल भोपळा आणि पाव ते अर्धी वाटी गूळ एकत्र शिजवून, गार करून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी चिमूट मीठ, एक चमचा तूप आणि मावेल तेवढी कणीक, साधारण दीड वाटी. पाणी अजिबात नको. मिश्रण गरम असताना कणीक घातली तर जास्त पीठ खातं आणि घारगे गार झाल्यावर वातड होतात. पीठ मळून ठेवलं तर गुळाचं पाणी सुटून सैल होतं, म्हणून लगेच थापा. तळायची गरज नाही, तव्यावर तूप सोडून दोन्ही बाजूंनी भाजा. रोज गोड नको, तेव्हा एक दिवसाआड दुधी किंवा कोबी घातलेलं भाजणीचं छोटं थालीपीठ, मध्ये भोक पाडून, झाकण ठेवून भाजलेलं.

द्राक्षं उभी चार भागांत कापूनच द्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न डब्यात नको, या वयात ते श्वासनलिकेत अडकतात. हसता-बोलता खाताना तर हमखास.

आम्ही मासे खाणारे. दहा महिन्यांच्या मुलाला कोणता मासा द्यावा? सासूबाई म्हणतात मोरी द्या, काटा नसतो.
— एक वाचक, वरळी

मोरीला काटा नसतो हे खरं, पण ती शार्कच आहे. मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठत जातो, म्हणून लहान मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना मोरी नको. मोठ्या सुरमईचंही प्रमाण कमीच ठेवा. सुरुवातीला पापलेट उत्तम : मधला काटा सरळ निघतो आणि मांसाचे पदर सुटतात. ओले बोंबीलही चांगले, पण मधला काटा काढाच. मीठ-मसाला लावायच्या आधी बाळाचा तुकडा वेगळा काढून वाफवा, गार करा आणि स्वतःच्या बोटांनी दोनदा चाचपून कुस्करा. चमच्याने कुस्करल्यावर बारीक काटा कळत नाही, बोटाला कळतो. बांगडा पौष्टिक आहे, पण बाजूचे काटे जास्त, तो नीट सवड असेल त्या दिवशीच.

पावसाळ्यात मुलाला जुलाब झाले की घरात गोंधळ उडतो. ओआरएस नक्की किती आणि कसं?
— एक बाबा, कुर्ला

पाकिटावर लिहिलंय तेवढंच उकळून गार केलेलं पाणी : मोठं पाकीट एक लिटरला, छोटं २०० मिलीला. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकू नका, घट्ट झालं तर मीठ जास्त जाऊन उलट अपाय होतो. चोवीस तासांनी उरलेलं फेका. दोन वर्षांच्या आत प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्यापुढे १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. गोड पेयांचे तयार डबे याची जागा घेत नाहीत. जेवण आणि अंगावरचं दूध बंद करू नका. झिंक डॉक्टरांना विचारून सुरू करा. डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसलं किंवा मूल पाणीही पिईना, तर लगेच दवाखाना गाठा.

सकाळी सातला केलेला मऊ भात संध्याकाळी परत गरम करून दिला तर?
— एक वाचक, चेंबूर

बाहेर राहिलेला असेल तर नाही. भातातले काही जंतू शिजवूनही टिकतात, उबेत वाढतात, आणि त्यांचं विष गरम केल्याने जात नाही. शिजल्यावर पसरट ताटलीत लवकर गार करा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळी लागेल तेवढाच काढून वाफ येईपर्यंत गरम करा. बाळाचा उष्टा चमचा लागलेली वाटी मात्र फ्रिजमध्ये ठेवूच नका.